ओडिन प्रोजेक्ट: काही महिने वापरल्यानंतर

ओडिन प्रोजेक्ट हा वेब डेव्हलपमेंटचा फुकट, ओपन सोर्स अभ्यासक्रम. लॉगिन न करताही सगळे धडे वाचता येतात. लॉगिन केलं तर आपण कुठवर आलो याची खूण राहते, एवढंच. सर्टिफिकेट मिळत नाही, तेव्हा कागद हवा असणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं. व्हिडिओही फारसे नाहीत. भरपूर वाचायचं आणि मग स्वतःच्या मशीनवर करून बघायचं, असा सगळा मामला आहे. हे दुसरं काम पहिल्या आठवड्यापासून गळ्यात पडतं, आणि माझ्या मते या अभ्यासक्रमाचं खरं मोल तिथेच आहे.

सुरुवातच इन्स्टॉलेशनने होते आणि बरेच जण तिथेच गळतात. विंडोजवर थेट काम करायला इथे मदत मिळत नाही. लिनक्स, मॅक किंवा विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल२ असं काहीतरी लागतं. ८ जीबी रॅम असेल तर डब्ल्यूएसएल२ सोयीचं. व्हर्च्युअल मशीनला (संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला) स्वतःची वेगळी रॅम द्यावी लागते, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर ते रडतखडत चालतं. डब्ल्यूएसएल घेतलं तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलं तरी चालतं, पण दोन फाइल सिस्टिममधली ये-जा मंद असते. पुढे एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवणाऱ्या साधनाने) हजारो बारक्या फाइल्स उतरवल्या की ते जाणवतं.

मग गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; तो कोड ऑनलाइन ठेवायची जागा म्हणजे गिटहब. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर अकाउंटचा पासवर्ड घेणं बंद केलं, म्हणून इथे एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल्सची जोडी) बनवावी लागते. ईडी२५५१९ प्रकारची की तयार केली की दोन फाइल्स होतात. गिटहबवर चिकटवायची ती शेवटी ‘डॉट पब’ असलेली. दुसरी कुणालाही द्यायची नाही. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ दिसलं तर आधी रिमोटचा, म्हणजे गिटहबवरच्या रिपॉझिटरीचा (प्रोजेक्टच्या फोल्डरचा), पत्ता बघा आणि मग चिकटवलेली की. त्याऐवजी गिटहबचा पासवर्ड विचारला जात असेल तर रिपॉझिटरी एचटीटीपीएसने क्लोन (मशीनवर कॉपी) झाली आहे. रिमोट एसएसएचवर बदला.

पहिल्या पुशलाच, म्हणजे कोड गिटहबवर पाठवतानाच, येणारी दुसरी एरर म्हणजे ‘सोर्स रेफस्पेक मेन डज नॉट मॅच एनी’. याची कारणं बहुधा दोनच: एकही कमिट (बदलांची नोंद) झालेलं नाही, किंवा तुमच्या मशीनवरच्या ब्रँचचं (कामाच्या शाखेचं) नाव अजून ‘मास्टर’ आहे. गिटहब नव्या रिपॉझिटरीला ‘मेन’ नाव देतं, पण मशीनवरचं गिट स्वतःहून देईलच असं नाही. ‘इनिट डॉट डिफॉल्टब्रँच’ एकदा ‘मेन’ करून ठेवलं की हा प्रश्न पुन्हा येत नाही.

साइट गिटहब पेजेसवर (रिपॉझिटरीतली साइट लोकांना दाखवायची गिटहबची सोय) टाकल्यावर फोटो गायब होणं हेही ठरलेलं. फाइलचं नाव मोठ्या अक्षरात आणि कोडमध्ये लहान अक्षरात असेल, तर विंडोज खपवून घेतं. सर्व्हर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं उत्तर देतो. आणि पाथची (फाइलच्या पत्त्याची) सुरुवात तिरप्या रेघेने केली असेल, तर ब्राउझर रिपॉझिटरीच्या नावाचा फोल्डर सोडून थेट डोमेनच्या मुळाशी शोधतो. सगळी नावं लहान अक्षरात आणि पाथ रिलेटिव्ह (चालू फोल्डरपासून मोजलेले) ठेवले की निम्मी डोकेदुखी वाचते.

फाउंडेशन्स या पहिल्या भागात सर्वांत जास्त शिकवून जातो तो एच-अ-स्केच प्रोजेक्ट. १६ गुणिले १६ चौकोनांचं ग्रिड जावास्क्रिप्टने उभं करायचं आणि माऊस फिरवला की चौकोन रंगायचे. ग्रिडची रुंदी ९६० पिक्सेल धरली तर एक चौकोन ६० पिक्सेलचा. आता प्रत्येकाला १ पिक्सेलची बॉर्डर दिली की दोन्ही बाजू धरून ६२, सोळांचे ९९२ होतात. फ्लेक्स-रॅप (न मावलेलं पुढच्या ओळीत टाकणं) चालू असेल तर एका ओळीत पंधराच मावतात, सोळावा खाली उतरतो आणि सगळं ग्रिड बिघडतं. ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ (बॉर्डर रुंदीतच धरा) लिहिलं की ठीक होतं, पण ते का होतं हे कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी चूक रुंदी पूर्णांकात आणण्याची. वापरणाऱ्याने एका ओळीत ७० चौकोन मागितले तर ९६० भागिले ७० म्हणजे १३.७१; ते १४ केलं की बेरीज ९८० होते आणि पुन्हा तोच घोळ. भागाकार आहे तसाच द्या.

एका ओळीत किती चौकोन हवेत हा नवा आकडा विचारताना प्रॉम्प्टकडून (ब्राउझरच्या प्रश्नाच्या चौकटीकडून) येते ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. कॅन्सल दाबलं तर नल (रिकामं मूल्य) येतं, आणि नलचा नंबर केला की शून्य. मग ९६० भागिले शून्य म्हणजे इन्फिनिटी, आणि पडद्यावर काहीच नाही. आलेलं मूल्य पूर्णांक आहे का आणि १ ते १०० मध्ये बसतं का, हे आधीच तपासा. जुनं ग्रिड रिकामं करून मगच नवं भरा, नाहीतर आधीचे २५६ चौकोन तसेच राहतात. १०० मागितले तर १०,००० डिव्ह (एचटीएमएलचे डबे, इथे चौकोन) होतात. प्रत्येकाला वेगळा लिसनर (माऊसची हालचाल टिपणारा कोड) न लावता बाहेरच्या कंटेनरला एकच ‘माऊसओव्हर’ लावा. ‘माऊसएंटर’ इथे कामाचं नाही, कारण ते वर बबल होत नाही, म्हणजे आतल्या चौकोनावरून कंटेनरपर्यंत पोचत नाही.

कॅल्क्युलेटरच्या प्रोजेक्टमध्येही असंच. १२ आणि ७ यांची बेरीज १२७ आली तर आकडे अजून स्ट्रिंग आहेत. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४ हा तुमचा बग नव्हे, फ्लोटिंग पॉइंटचा (दशांश साठवण्याच्या पद्धतीचा) स्वभाव आहे; दाखवताना राउंड करा. शून्याने भागलं तर जावास्क्रिप्ट एरर देत नाही, इन्फिनिटी देतं, तेव्हा संदेश आपणच दाखवायचा. आणि इथे क्रिया जोडी-जोडीने होते: २ अधिक ३ गुणिले ४ याचं उत्तर २० यायला हवं, १४ नाही. याला बग समजून तासन्‌तास घालवणारे दिसतात.

मदतीसाठी डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर ग्रुप आहे. उत्तरं देणारे स्वयंसेवक, आणि तयार कोड ते सहसा हातात ठेवत नाहीत. उलट प्रश्न विचारून तुमच्याकडूनच काढून घेतात. पहिल्यांदा राग येतो. प्रश्नात काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररचा मजकूर जसाच्या तसा आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, एवढं लिहा. कोडचा स्क्रीनशॉट नको. कोड तीन बॅकटिक (`) चिन्हांमध्ये टाका, किंवा रिपॉझिटरीची लिंक द्या. आणि मूळ अडचण सांगा. ‘मार्जिन उणे कसं द्यायचं’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा बटण मध्यावर आणायचं असतं.

प्रोजेक्टखाली इतरांनी केलेली कामंही बघता येतात. आपलं संपल्यावर बघावीत. त्यांचा दर्जा कुणी तपासलेला नसतो, त्यामुळे दिसायला छान पेजच्या आत डिव्हमध्ये डिव्ह असा दहा थरांचा ढीग निघू शकतो.

खटकणारं एकच मोठं: बाहेरच्या लिंका फार. एका धड्यात तीन-चार लेख आणि वर एमडीएन या संदर्भ-साइटचं पान, तेही सगळं इंग्रजीत. धड्याच्या शेवटी नॉलेज चेकचे प्रश्न असतात, ते आधी वाचा. उत्तरं देता आली तर त्या लिंका चाळल्या तरी पुरे. सीएसएसही (पानाचं रूप ठरवणारी भाषा) फाउंडेशन्समध्ये फ्लेक्सबॉक्सपाशी थांबतं. सीएसएस ग्रिड त्यानंतरच्या कोर्समध्ये, आणि रिस्पॉन्सिव्ह डिझाइन (मोबाइलवरही पान नीट दिसणं) त्याहून पुढे. लँडिंग पेजचा प्रोजेक्ट मोबाइलवर फाटलेलं दिसलं तर तेव्हा मीडिया क्वेरीच्या (स्क्रीनच्या रुंदीनुसार रूप बदलण्याच्या) मागे लागू नका, त्या टप्प्यावर ते अपेक्षितच नाही.

फाउंडेशन्सनंतर दोन वाटा आहेत: पूर्ण जावास्क्रिप्ट, किंवा रूबी ऑन रेल्स. नवख्यांनी पहिली घ्यावी. रेल्सच्या वाटेवर आधी रूबी ही भाषा नव्याने शिकायची असते आणि जावास्क्रिप्टशी पुन्हा गाठ पडते ती बऱ्याच उशिरा, तोवर ॲरेच्या मेथडसुद्धा विसरायला झालेल्या असतात.