एस्केप, डी, डी: पायथन ३.१३चं प्रॉम्प्ट, आठ महिन्यांनंतर

ऑफिसच्या सर्व्हरवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.११ची ३.१३ आवृत्ती झाली ते कोणी सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे कोड लिहून लगेच चालवायच्या जागी, ओळ खोडताना. सवयीने एस्केप दाबलं, दोनदा डी दाबला. ओळ जागच्या जागी! कर्सरपुढचा एक शब्द मात्र गायब, आणि त्याच्या जागी एक आगाऊ डी येऊन बसलेला. पहिला संशय कीबोर्डवर घेतला.

कीबोर्ड ठणठणीत होता, गेला होता तो व्हीआय मोड, म्हणजे व्हीआय या जुन्या एडिटरची बटणं: त्यात एस्केप आणि दोन डी म्हणजे अख्खी ओळ खोड. गेली बारा वर्षं मी जिथं जाईन तिथं माझी इनपुटआरसी ही बटणांच्या सेटिंगची फाइल सोबत नेते, आणि तिच्यात कामाची ओळ एकच: एडिटिंग मोड व्हीआय. बॅश, म्हणजे लिनक्सवर कमांड लिहायचा प्रोग्राम, ती मानतं. जुनं पायथनही मानायचं, कारण लिनक्सवर दोघांच्या पोटात जीएनयू रीडलाइन ही ओळी लिहिण्या-खोडण्याची लायब्ररीच. ३.१३च्या नव्या प्रॉम्प्टने रीडलाइनला रामराम केला आणि पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या अवताराच्या प्रकल्पातलं पायरेपल घेतलं. ते माझ्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. बटणं सगळी ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या वळणाची, एस्केप म्हणजे ऑल्ट. त्यामुळे पहिल्या डीला पुढचा शब्द उडतो आणि दुसरा डी निव्वळ अक्षर म्हणून ओळीत घुसतो.

पायथन-बेसिक-रेपल हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) १ केला की जुनं प्रॉम्प्ट परत येतं. तो बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत टाकला आणि दोन महिने नव्याला शिव्या घालत जुनंच वापरलं. आयपायथन या वेगळ्या बसवाव्या लागणाऱ्या प्रॉम्प्टमध्ये व्हीआय मोड मिळतो हे मला माहीत आहे, कृपया परत सांगू नका. त्या सर्व्हरवर पिप, म्हणजे असं काही बसवायचं साधन, चालवायची परवानगी नाही, आणि एका एस्केपसाठी अर्ज करून तीन सह्या गोळा करत फिरायची माझी तयारी नाही.

मग एकदा दुसऱ्याच मशीनवर बसले होते. तिथं माझं बॅशआरसी नव्हतं, म्हणजे नवं प्रॉम्प्ट. चौदा ओळींचं फंक्शन लिहिलं, चालवलं, उत्तर एकाने जास्त. नवव्या ओळीत उणे एक राहिलं होतं. कपाळावर हात मारून वरचा बाण दाबला, तर अख्खं फंक्शन समोर! एका बाणात. जुन्यात बाणागणिक एकेक ओळ यायची, आणि चौदा ओळी क्रमाने परत वेचताना हमखास एखादी सुटायची. इथं नवव्या ओळीवर गेले, उणे एक घातलं, शेवटी येऊन एंटर. झालं.

त्याच संध्याकाळी बॅशआरसीतली ती ओळ काढली. शिव्या अर्ध्या मागे घेते.

पेस्टचंही तेच. फंक्शनच्या मध्ये रिकामी ओळ असली की जुनं प्रॉम्प्ट तिथंच ब्लॉक संपला असं धरायचं आणि पुढच्या ओळींवर इंडेंटेशन एरर (ओळीआधीची मोकळी जागा चुकल्याची तक्रार) फेकत बसायचं. आता तसाच चिकटवते, चालतो. शिवाय नुसतं एक्झिट लिहिलं तरी बाहेर पडता येतं. आधी ते दारात अडवून बाहेर कसं पडायचं ते सांगायचं, सोडायचं मात्र नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी डोकेदुखी. माझ्याकडे गावांच्या नावांच्या याद्या असतात. पायथन ‘पुणे’ची लांबी ४ सांगतं, कारण उकार आणि मात्रा वेगळे मोजतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पडद्यावर घरं दोनच लागतात, आणि नवं प्रॉम्प्ट कर्सर ठेवतानाही चारच धरतं. त्यामुळे माझ्या टर्मिनलवर कर्सर शब्दापासून दोन घरं पुढे लटकतो. ‘धुळे’ खोडताना नेमकं काय खोडलं जातंय ते एंटर मारल्यावरच कळतं. जुन्यात हा त्रास कधी जाणवला नव्हता. आता नावं फाइलमधूनच वाचते.

सध्या दोन एलियस, म्हणजे कमांडची छोटी टोपणनावं, केलेत. ‘पी’ म्हणजे नवं, ‘पीजु’ म्हणजे जुनं. एकोळी हिशेब जुन्यात, फंक्शन नव्यात. कुठल्या खिडकीत कुठलं चालू आहे हे विसरते, आणि मग पुन्हा तोच आगाऊ डी.

घरच्या लॅपटॉपवर ३.१४ही टाकून पाहिलं. टाइप करताकरताच कोड रंगतो, इम्पोर्टनंतर टॅब दाबलं की मॉड्यूलची नावं येतात. एस्केप-डी-डीला शब्द अजून एकच उडतो.