दहापट भिंग: ओढ्यातल्या मेफ्लायला पुरेसे, अपोलोला अपुरे

तिहेरी काचेचे, घडी घालून खिशात मावणारे दहापट भिंग मनालीच्या परिसरात वापरून पाहिले. ओढ्यातल्या मेफ्लायसाठी (पिल्लूपणी पाण्यात राहणारा छोटा कीटक) याहून वेगळे काही घेण्याची गरज नाही. उंचावरच्या अपोलो फुलपाखरासाठी मात्र केवळ याच्या भरवशावर निघू नये.

बियासला मिळणाऱ्या ओढ्यांतला दगड उलटला की त्याला चिकटलेली मेफ्लायची चपटी पिल्ले दिसतात. पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यासह ती घेऊन (दगड लगेच होता तसा ठेवावा) भिंग डोळ्याशी आणि पिल्लू भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आणले, की पोटाच्या दोन्ही बाजूंचे कल्ले आणि पायाच्या टोकाची एकुलती एक नखी स्वच्छ दिसते. ओळख पटते ती या नखीवरून: ओढ्यातच राहणाऱ्या स्टोनफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या पिल्लाला प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. शेपट्या मोजून इथे फसगत होते, कारण एपिओरस या मेफ्लायलाही स्टोनफ्लायसारख्या दोनच शेपट्या असतात. काठावरच्या झुडपात बसलेल्या मेफ्लायचे पंख धुरकट असतील, तर त्याला अजून एकदा कात टाकायची आहे असे समजावे. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा आजच्या कीटकांतला हा एकमेव गट आहे. बेटिस या मेफ्लायच्या नराचे पगडीसारखे वर आलेले डोळे तर या भिंगातून पाहावेतच.

रोहतांगच्या बाजूला, सुमारे ३,९७८ मीटर उंचीच्या खिंडीलगत, कॉमन ब्लू अपोलो पाहताना हेच भिंग तोकडे पडते. पंखांच्या बुडाशी असलेल्या गडद रंगामुळे ऊन शोषून हे फुलपाखरू थंडीतही अंग तापवते, आणि एकदा तापले की अडीच सेंटिमीटरपर्यंत कोणाला येऊ देत नाही. शिवाय पाच सेंटिमीटरहून अधिक पंखविस्तार भिंगात एका वेळी मावत नाही. पहाटे किंवा ढगाळ हवेत ते गारठून गवतावर बसले असेल, तरच विरळ खवल्यांचे अर्धपारदर्शक पंख आणि काळ्या कडेतले लाल ठिपके निवांत न्याहाळता येतात. त्या गारव्यात श्वासाची वाफ काचेवर धरते, म्हणून मऊ कापड जवळ असावे.

काचा उत्तम आहेत, कडेला रंगांची झालर येत नाही; झाकणाचा स्क्रू मात्र वापराने सैल होतो. वीसपटीचे भिंग घेऊ नये, कारण त्यात भिंग आणि कीटक यांमधले अंतर निम्म्यावर येते. फक्त फुलपाखरांसाठी जाणाऱ्यांनी हे पैसे दोन मीटरवरचे स्पष्ट दाखवणाऱ्या दुर्बिणीसाठी राखून ठेवावेत.