शॉकपासून बचाव: अमेरिकेचे ५ मिलिअँपिअर की आपले ३०?

एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडून पुरवठा तोडणारा स्विच, वायर वाचवते, माणूस नाही. घराचं अर्थिंग १० ओहमचं असेल आणि गीझरच्या बॉडीला फेज लागला, तर २३० व्होल्टला जेमतेम २३ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरची एमसीबी एवढा करंट तासभर सोसू शकते. तेवढा वेळ नळाला हात लावणं धोक्याचंच. इथे कामाला येते आरसीसीबी, वायरमनच्या भाषेत ईएलसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परतला नाही, की ती पडते.

किती कमी परतला की पडायचं, यात देश वेगळे. अमेरिकेत १२० व्होल्टला ४ ते ६ मिलिअँपिअर, म्हणजे हाताची पकड सुटेनाशी होण्याच्या आतच. हे संरक्षण बहुधा बाथरूम-किचनच्या सॉकेटमध्येच असतं. ब्रिटन, जर्मनी आणि आपल्याकडे २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर, तेही डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य स्विचपेटीत. झटका बसतो, पण हृदयाची लय बिघडण्याआधी पुरवठा तुटावा असा हिशेब आहे.

मग अख्ख्या घराला ५ का नको? वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या फिल्टरमधून थोडं लिकेज, म्हणजे अर्थिंगकडे झिरपणारा करंट, कायमच असतं. दोन-तीन यंत्रं चालू झाली की घर अंधारात, आणि वैतागून कुणीतरी आरसीसीबी बायपास करतं. ३० ची आरसीसीबीसुद्धा १५ च्या पुढे कधीही पडू शकते, म्हणून कायमचं लिकेज ९ च्या आत ठेवावं. अमेरिकेहून आणलेलं १२० व्होल्टचं सॉकेट इथे मुळीच लावू नका.

नवं वायरिंग करणाऱ्याने ब्रिटिश पद्धत उचलावी: गीझर, वॉशिंग मशीन, किचन यांना वेगवेगळे आरसीबीओ. म्हणजे एकाच डबीत आरसीसीबी, त्यात एमसीबीही आलीच, आणि एक पडला तरी बाकी घर चालू राहतं. टाइप (कुठल्या प्रकारचं लिकेज ओळखतो तो) मात्र जर्मनीसारखा ‘ए’ घ्या. इन्व्हर्टर एअर कंडिशनरचं लिकेज स्वस्तातल्या ‘एसी’ (फक्त साधा अल्टरनेटिंग करंट ओळखणाऱ्या) टाइपला कळेलच असं नाही.

खर्च झेपत नसेल तर निदान दोन आरसीसीबी. त्यांच्यावर ०.०३ अँपिअर छापलेलं बघूनच घ्या, ०.१ आणि ०.३ वाल्या दिसतात तशाच, पण माणसासाठी नाहीत. ‘६३ अँपिअर’ लिहिलं असलं तरी ओव्हरलोडसाठी एमसीबी लागतेच. दोघींचे न्यूट्रल, किंवा घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल, एकमेकांत मिसळले तर त्या विनाकारण पडत राहतात. दोष तिथे शोधा, आरसीसीबी काढून टाकू नका. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर मात्र कुठल्याच देशाचं यंत्र पडत नाही.

दर तीन महिन्यांनी टेस्ट बटण दाबा. पडली नाही तर बदला.