मंगळवार पेठेतला जोडीचा सिनेमा: एका ड्रेपरीवालीचं मत

जुने मराठी सिनेमे मोबाईलवर फुकट सापडतात, मग शंभर रुपये देऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कशाला बघायचे, असं दुकानात कुणी ना कुणी विचारतंच. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका तालमीच्या मागे छोटा हॉल आहे. तिथे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेसहाला जुना सिनेमा लावतात. चालवणारी माणसं चार. एक निवृत्त प्राध्यापक, एक बँकेतले, एक फोटोग्राफर आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी. संस्था नाही, बोर्ड नाही. आठवडाभर आधी व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, तो एकमेकांना पुढे धाडायचा. शंभर रुपयांत सिनेमा, मध्ये चहा आणि भडंगाची पुडी, आणि शेवटी तासभर बोलणं. हे शेवटचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

ते नुसता एक सिनेमा दाखवून मोकळे होत नाहीत. एक सिनेमा पूर्ण दाखवतात आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या सिनेमातली अर्ध्या तासाची निवडक प्रकरणं. दोन्हींत पात्र एकाच जातकुळीचं. पाटील असेल तर दोन्हींत पाटील, सासू असेल तर दोन्हींत सासू. एकात ते पात्र ठरलेल्या साच्यातलं, दुसऱ्यात साच्याबाहेरचं. कुठलं कुठं ते आधी सांगत नाहीत. आपण बघायचं आणि ठरवायचं.

मी हे एवढ्या आस्थेनं का सांगते, त्याला कारण आमचा धंदा. सासऱ्यांनी सुरू केलेली ड्रेपरी आता मी बघते. शाळांची गॅदरिंग, जत्रेतली नाटकं, शिवजयंतीची मिरवणूक, कधी शूटिंग, सगळ्यांना कपडे, फेटे, मिशा, टोप भाड्यानं देतो. गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, "वहिनी, एक पाटील द्या, दोन हवालदार आणि एक तमासगिरीण." माणसाचं नाव, वय, गाव कुणी सांगत नाही. पाटील म्हटलं की फेटा, जाकीट आणि झुबकेदार मिशी. हवालदार म्हटलं की निळी अर्धी चड्डी, पिवळी टोपी आणि पोटाला उशी. उशी मागून घेतात, विसरत नाहीत. हे साचे माझ्याकडे हँगरवर टांगलेले आहेत आणि त्यावर माझं घर चालतं. म्हणून ते आले कुठून, हे मला कळून घ्यायचं असतं.

मला सगळ्यात आवडलेली जोडी तारामतीची. आधी फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग उरला आहे तो दाखवला. त्यात तारामती झालेत अण्णा साळुंके. बाई मिळेना म्हणून पुरुषाला लुगडं नेसवलं. हेच साळुंके पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. मग पूर्ण सिनेमा 'अयोध्येचा राजा', १९३२ चा, प्रभातचा. प्रभात तेव्हा आपल्या कोल्हापुरातच होती, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. प्रतिष्ठित घरातली, शिकलेली बाई पडद्यावर उभी राहते तेव्हा तारामतीची मान कशी वळते, ती रागावते कशी, हे साळुंक्यांच्या तारामतीनंतर लगेच बघायला मिळालं. दोन्हीकडे गोष्ट तीच, राणी तीच. पण पहिल्या तारामतीचं सोसणं हातवाऱ्यांत आहे, दुसरीचं डोळ्यांत.

सासरे जत्रेच्या नाटकात पोरांना नऊवारी नेसवायचे. ते म्हणायचे, पुरुषाला लुगडं नेसवलं की तो बाईसारखा चालत नाही, बाईबद्दल त्याच्या मनात जे असतं तसं चालतो. साळुंक्यांची चाल बघताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

त्या दिवशी प्राध्यापकांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबूराव पेंटरांची गोष्टही घातली. १९२० च्या 'सैरंध्री'त त्यांनी इथे कोल्हापुरातच बायकांना बायकांच्या भूमिका दिल्या. फाळक्यांचा हरिश्चंद्र आणि ही सैरंध्री यांत अंतर सातच वर्षांचं. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरून आपण रोज गाडी घालतो, पण त्या कंपनीनं केलेली ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी जोडी हवालदाराची. पूर्ण सिनेमा 'माणूस', १९३९, शांतारामबापूंचा. जोडीला १९७५ च्या 'पांडू हवालदार'मधली प्रकरणं. दादा कोंडक्यांवर माझा जीव आहे. हॉलमधली पोरं हसून लोटपोट झाली, मीही हसले. दादांचा पांडू भोळा आहे, मनानं चांगला आहे. पण त्यानंतर हिंदी-मराठी सिनेमांनी भोळेपणा बाजूला ठेवला आणि पोट, पान आणि हप्ता तेवढा उचलला. माझ्या दुकानातली उशी तिथून आली. 'माणूस'मधला गणपत साधा शिपाई. शाहू मोडकांनी केलाय. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते तिथे त्याला मैना भेटते, आणि तिथून तो माणूस म्हणून कसा पेटतो आणि कसा कोसळतो, तेवढाच सिनेमा आहे. त्याची गणवेशातली लाज, आईसमोर उभं राहणं, सगळं खरं. मराठी बोलणारा हवालदार हा अख्ख्या सिनेमाचा नायक, तोही १९३९ मध्ये. शांता हुबळीकरांची मैना तर वेगळा लेख मागते. 'कशाला उद्याची बात' सुरू झालं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन आज्या मोठ्यानं गाऊ लागल्या आणि कुणी त्यांना गप्प बसवलं नाही. चालवणाऱ्यांना याचे वेगळे गुण.

नंतरच्या बोलण्यात एक वयस्कर गृहस्थ नेहमीचं वाक्य बोलले: "त्या काळी असंच होतं, आपण आजच्या चष्म्यातून बघू नये." या वाक्याशी माझं भांडण आहे, आणि या शनिवारांनी मला त्या भांडणाला पुरावा दिला. त्या काळी असंच नव्हतं. १९३७ च्या 'कुंकू'तली नीरा म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलेलं लग्न मान्य करत नाही, आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते. शांता आपटेंचा तो हात बघा. १९४१ च्या 'शेजारी'त मिर्झा आणि जिवबा हे दोन म्हातारे मित्र आहेत. मिर्झा म्हणून कव्वाली गाणारा किंवा सुरा काढणारा कुणी आणलेला नाही, गावातला साधा शहाणा माणूस आहे, गजानन जागीरदारांनी केलेला. म्हणजे लिहिणाऱ्याला दुसरं लिहिता येत होतं, बघणाऱ्यांना दुसरं बघता येत होतं, आणि लोकांनी गर्दीही केली. मग पुढे कुणी साचा वापरला असेल तर तो त्याचा निर्णय होता, काळाचा नाही. मी हे तिथे बोलले. गृहस्थांना पटलं नाही. पुढच्या वेळी ते पुन्हा आले, पुन्हा वाद घातला, आणि मला ते फार बरं वाटलं.

तमासगिरणीची जोडी सगळ्यात जड गेली. 'पिंजरा'तली प्रकरणं आणि पूर्ण 'सांगत्ये ऐका'. १९७२ च्या 'पिंजरा'त गाव सुधारायला निघालेला मास्तर नाचणारीच्या नादानं बुडतो. गाणी जन्मात विसरायची नाहीत अशी, संध्याबाईंचं नृत्य, डॉ. लागूंचं काम, कशालाच मी नावं ठेवणार नाही. पण बाई तिथे पुरुषाची परीक्षा म्हणून येते. अनंत मान्यांच्या १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त फडावरची बाई स्वतः गोष्ट सांगते आणि गावाला ऐकावं लागतं. पुण्यात तो सिनेमा १३१ आठवडे चालला. त्यातल्या नायिका हंसा वाडकरांनी पुढे आपल्या आत्मचरित्रालाही तेच नाव दिलं, यातच सगळं आलं.

बोलणं सुरू झालं तेव्हा माझ्याच वयाची एक बाई उठली. तिची आजी फडात होती. ती म्हणाली, "माझ्या आज्जीनं एकाही मास्तरला बुडवलं नाही ओ. तिनं सहा पोरं वाढवली आणि सावकाराचं फेडलं. तिच्यावर कुणी सिनेमा काढला नाही." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या कॉलेजातल्या मुलीनं तिला खुर्ची पुढे घेऊन आणखी सांगायला लावलं. आजीचा फड कुठं कुठं जायचा, लुगड्याला किती पैसे पडायचे, घुंगरांचं वजन किती. मोबाईलवर सिनेमा बघणाऱ्याला हे कुठून मिळणार?

पाटलाच्या जोडीबद्दल थोडक्यात. निळूभाऊंची दोन रूपं. 'एक गाव बारा भानगडी'तले झेले अण्णा आणि 'सामना'तले हिंदुराव धोंडे पाटील. नकलाकारांनी निळूभाऊंचा एकच पाटील करून ठेवलाय, बाईवर नजर टाकणारा. 'सामना'तला पाटील साखर कारखाना चालवतो, माणसं सांभाळतो, आणि एक दारुडा मास्तर मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो तसा आतून घाबरत जातो. तेंडुलकरांनी लिहिलेली ती भीती निळूभाऊंनी ओठांच्या कोपऱ्यात ठेवली आहे. आणि हा माणूस स्वतः सेवादलाचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला. आता दुकानात कुणी "निळू फुले ड्रेस" मागितला की मी विचारते, कुठले निळू फुले?

आता उणं ते सांगते, कारण लोक पैसे देऊन जाणार आहेत.

पहिलं आणि मोठं. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, चार रुंद तर तीन उंच. 'कुंकू'च्या दिवशी ती आजच्या लांबट पडद्यावर ताणून बसवली होती. चेहरे पसरट, केशवराव दात्यांचे गाल फुगलेले, लुगड्याच्या निऱ्या रुंदावलेल्या. कपड्याचं काम करणाऱ्याला हे बघवत नाही. मध्यंतरात मी आणि फोटोग्राफरसाहेबांनी मिळून ते दुरुस्त करायला लावलं. तेव्हापासून कडेला काळ्या पट्ट्या सोडून बरोबर दाखवतात. पडदा लहान दिसतो म्हणून काही जण कुरकुरतात. कुरकुरू देत.

आवाजाचं अजून जमलेलं नाही. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही, घड्याळ, छत्री, पाऊल, असल्या आवाजांवर सिनेमा उभा आहे, आणि नेमके तेच आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाले. पंखे बंद केले तर उन्हाळ्यात बसवत नाही. भिंतीला दोन चांगले स्पीकर बसवायचे तर लोकांनी वर्गणी काढावी, मी देईन.

प्राध्यापक प्रास्ताविकात कधीकधी शेवट सांगून टाकतात. चाळीसच्या वरच्यांना फरक पडत नाही, पण माझी भाची पहिल्यांदाच बघत होती. तिला 'सामना' कळण्याआधी मारुती कांबळेचं सगळं कळलं.

बोलण्याच्या तासात मोठ्या आवाजाची दोन-तीन माणसं वेळ खातात. बायकांना आधी बोलायला द्या, असं मी सुचवलं. आता पहिली वीस मिनिटं मागच्या रांगांना देतात आणि फरक दिसतो. बायकांची टॉयलेटची सोय मात्र अजून शेजारच्या घरात जाऊन करावी लागते. ते घर भलं आहे, पण ही काही व्यवस्था नव्हे.

माझी एक मागणी आहे, ती चौघांपुढे मांडली आहे. कामवालीची जोडी करा. शाळांच्या फॅन्सी ड्रेससाठी दरवर्षी आया येतात आणि "कामवाली बाईचा ड्रेस" म्हणून नऊवारी मागतात. हिंदी सिनेमानं मुंबईच्या घरात मराठी बाई दाखवली ती बहुतेक वेळा झाडू घेऊनच, नऊवारी खोचून. माझी सासू त्याच नऊवारीत अंबाबाईला जायची, सोसायटीच्या सभेला जायची. मी त्या आयांना तीच साडी देते, पण चिठ्ठीवर "जिजाबाई" किंवा "शेतकरीण" असं लिहून देते आणि मुलीला दोन वाक्यं शिकवून पाठवते. जोडीला काय लावायचं तेही सुचवलं आहे. ललिता पवार. खाष्ट सासूचा शिक्का त्यांच्यावर इतका बसला की 'श्री ४२०'मधली केळी विकणारी गंगामाई आणि 'अनाडी'तली मिसेस डीसा लोक विसरले. गरीब, कष्टाची, परकी बाई मायेनं आणि तोऱ्यानं कशी उभी करायची, ते त्या दोन भूमिकांत आहे. चौघांतली कॉलेजातली मुलगी म्हणाली, यादीत घातलंय, मावशी.

पुढच्या महिन्यात सावकाराची जोडी आहे. मेहबूब खानांचे 'औरत' १९४० चा आणि 'मदर इंडिया' १९५७ चा. दोन्हींत सावकार सुखीलाला, दोन्हींत कन्हैयालालच. आधी प्राध्यापक १९२५ च्या 'सावकारी पाश'बद्दल बोलतील, बाबूराव पेंटरांच्या, ज्यात तरुण शांताराम शेतकरी झाले होते. ते बोलणं चुकवू नका, सव्वासहालाच पोचा. 'मदर इंडिया' लांब आहे, सुटायला अकरा वाजतील, परगावच्यांनी शेवटच्या एसटीचं आधी बघून ठेवावं. दुचाकी तालमीच्या अंगणात लावता येते, चारचाकी आणूच नका, गल्ली अरुंद आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी घरून उशी न्या. खुर्च्या कडक आहेत.