झोटेरो, आणि एका पाटलाचे तीन पाटील

साडेतीन वर्षं झोटेरो वापरतेय, म्हणजे पेपरातले संदर्भ साठवून त्यांची यादी आपोआप करणारं सॉफ्टवेअर. दर महिन्याला कोणीतरी ज्युनिअर व्हॉट्सॲपवर विचारतं "ताई रेफरन्स कसे करता हो" आणि तेच तेच टाईप करून मी कंटाळलेय, म्हणून एकदाचा रिव्ह्यूच लिहून टाकते.

माझा विषय बॉटनी, पश्चिम घाटातल्या सेरोपेजिया, म्हणजे आपली कंदीलपुष्पं. पहिल्या पेपरला ६४ रेफरन्स होते आणि जर्नल नंबरवालं, म्हणजे मजकुरात कंसात १, २, ३ आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. सगळं हाताने केलं. मग दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं की इंट्रोडक्शनमध्ये अजून दोन पेपर घ्या. झालं, पाचव्याच्या पुढचे सगळे नंबर दोन-दोनने सरकले, दोन रात्री मी नुसती खोडत आणि लिहीत बसले, तरीपण ३१ दोनदा आला आणि ४७ कुठे गेला ते आजतागायत कळलं नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त प्रिंटवर लाल पेनाने गोल केला. तो गोल बघून मी झोटेरो डाउनलोड केलं.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत इतिहासवाल्यांनी सुरू केलेलं. म्हणजे मूळ दुखणं आपलं सायन्सवाल्यांचंच होतं असं नाही. ब्राउझरमध्ये एक बटण बसतं, पेपरच्या पानावर ते दाबलं की लेखक, वर्ष, खंड, पानं सगळं आत येतं, मोकळी पीडीएफ असेल तर तीही. नाहीतर जादूच्या कांडीचं चिन्ह आहे तिथे डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, चिकटवा. मग वर्डमध्ये साईटेशनचं, म्हणजे मजकुरात संदर्भ टाकायचं, बटण दाबून लेखकाचं आडनाव टाईप करायचं, एंटर, की नंबर पडला, खाली यादीही तयार. मधे कितीही घुसडा, नंबर आपोआप सरकतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा खरंच हसू आलं, थोडं रडूही.

पण इथेच लोक फसतात. त्यांना वाटतं आता आपल्याला काहीच करायचं नाही. आत जे आलंय ते बरोबरच आहे असं कोणी सांगितलं? पेपरच्या पानावर जशी माहिती भरलेली असते तशीच ती आत येते. जुन्या पेपरांची टायटलं अख्खी कॅपिटलमध्ये येतात. टायटलवर राईट क्लिक करून सेंटेन्स केस, म्हणजे फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, करता येतं, पण मग इंडिया आणि वेस्टर्न घाट्सची पहिली अक्षरंही स्मॉल होतात, ती परत हाताने करा. आणि टायटल सेंटेन्स केसमध्येच ठेवायची बरं का, कारण त्यातून प्रत्येक शब्द कॅपिटल करणं त्याला जमतं, उलट नीट जमत नाही, कुठलं विशेषनाम आहे हे त्याला बिचाऱ्याला काय कळणार. प्रजातीचं नाव इटॅलिक हवं तर टायटलच्या खान्यातच नावाच्या आधी <i> आणि नंतर </i> असा इटॅलिकचा टॅग टाकायचा. मी हे न करता वर्डमध्ये यादीत एकेक नाव सिलेक्ट करून इटॅलिक केलं होतं, रात्री दीडपर्यंत. सकाळी एकच साईटेशन वाढवलं, यादी रिफ्रेश झाली, सगळं इटॅलिक गायब. चूक माझीच, ती यादी प्रोग्रामची आहे, आपण तिच्यात हात घालायचा नाही. दुरुस्ती करायची ती मुळात, लायब्ररीत.

आणि आता पाटील. आपल्याकडे हा प्रॉब्लेम घरटी आहे. समजा एकच लेखक, एका पेपरवर एस. पाटील, दुसऱ्यावर एस. बी. पाटील, तिसऱ्यावर पूर्ण नाव. झोटेरोला हे तीन वेगळे लोक वाटतात. एपीए स्टाईलमध्ये, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखक-वर्षवाल्या संदर्भपद्धतीत, एकाच आडनावाचे वेगवेगळे लेखक असले की मजकुरात आद्याक्षरं लावायचा नियम आहे, म्हणून मधेच "एस. बी. पाटील, २०१८" असं उगवतं आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलं नाही, नियमानेच चाललंय, तुम्ही एका पाटलाचे तीन पाटील केलेत. लायब्ररीत जाऊन नावं एकसारखी करा, आद्याक्षरं गायब होतात. संस्थेचं नाव लेखक म्हणून असेल तर ते एकाच खान्यात टाका, नाहीतर बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं आडनाव इंडिया होतं.

स्टाईल दहा हजारांच्या वर आहेत, जर्नलचं नाव शोधा आणि टाका. माझा दुसरा पेपर एका जर्नलने तीन महिने ठेवून परत पाठवला, पुढच्या जर्नलला नंबर नको, लेखक-वर्ष हवं होतं. स्टाईल बदलली, चहा येईपर्यंत झालं. खरे पैसे वसूल, म्हणजे पैसे दिलेच नव्हते तरी. अर्थात स्टाईल टाकली म्हणून डोळे मिटू नका, जर्नलचा ताजा अंक उघडून चार-पाच रेफरन्स शेजारी ठेवून बघा. जर्नलची नावं आखूड हवी असतील तर वर्डमधल्या सेटिंगमध्ये मेडलाईनचा, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या सूचीतल्या आखूड नावांचा, पर्याय आहे, तरी आपल्या विषयातली छोटी जर्नल्स स्वतः तपासा. नाव एका शब्दाचं असेल, नेचर किंवा आपलं रीडिया, तर ते आखूड करायचंच नसतं, एका मुलाने रीडियाचं "रीड" करून पाठवलं होतं. आणि बऱ्याच जर्नल्सना पहिल्या सबमिशनला कुठलीही एकसारखी स्टाईल चालते, ते आधी वाचा आणि मग जागरण करा.

एक गोष्ट फार आवडली. एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर २०१९ पासून झोटेरो लायब्ररीत लाल खूण दाखवतं आणि साईट करायला गेलात तर विचारतं. हाताने यादी करणाऱ्याला हे कोण सांगणार?

तक्रारी म्हणाल तर थिसिसएवढी मोठी फाईल असेल तर प्रत्येक साईटेशनला वर्ड दम खातं, ऑटोमॅटिक अपडेट बंद करून शेवटी एकदाच रिफ्रेश करायचं. फुकटची ऑनलाईन जागा ३०० एमबी, पीडीएफ ठेवल्या तर महिन्याभरात भरते. मी पीडीएफचं सिंक बंद करून त्या हार्ड डिस्कवर ठेवते, नुसत्या नोंदी त्या जागेत मोजत नाहीत. १९०० च्या आसपासचे जुने फ्लोरा, म्हणजे एखाद्या भागातल्या वनस्पतींचे ग्रंथ, आणि मराठी गॅझेटियर यांना बहुतेकदा डीओआय बिओआय मिळत नाही, खाना न खाना स्वतः भरा. देवनागरी व्यवस्थित चालते, पण जर्नल इंग्रजी असेल तर रोमन लिपीतलं रूप तुम्हालाच लिहावं लागतं.

सहलेखकाकडे फाईल पाठवताना मात्र जपून. आमच्या एका सरांनी ती दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडून सेव्ह केली आणि ९० साईटेशनचा साधा मजकूर झाला, नंबर दिसतात पण जिवंत नाहीत. तेव्हापासून मी त्यांना पीडीएफच पाठवते, ते पेनाने लिहून फोटो पाठवतात. सबमिट करतानासुद्धा आधी फाईलची कॉपी करा आणि अनलिंक, म्हणजे साईटेशनचा साधा मजकूर, त्या कॉपीतच करा, मूळ फाईल तशीच राहू दे, रिव्हिजन येणारच आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार इटॅलिकच्या त्या टॅगसाठी कापला.