रॉयल ग्रामा म्हणून विकला, निघाला डॉटीबॅक

रत्नागिरीत माझ्या घरी ४ फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे. पाणी साधारण २५० लिटर, टँकचं वय साडेतीन वर्षं. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात, म्हणून ते मी ठेवत नाही. लेदर, मशरूम, झोअँथिड असे मऊ प्रवाळ आहेत. सोबत क्लाउनफिशची जोडी, फायरफिश या भित्र्या माशांची जमलेली जोडी आणि एक क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, पण पाणी तिथून आणत नाही. पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं, गढूळ पाणी भाट्याच्या खाडीतून बाहेर पडलं की किनाऱ्यालगतचा खारटपणा पार उतरतो. म्हणून आरओच्या पाण्यात टँकचं मीठ विरघळवायचं, घनता १.०२५ ला आणायची आणि दर पंधरा दिवसांनी ४० लिटर बदलायचं. लाइट गेली की रात्रीबेरात्री उठून पंप इन्व्हर्टरवर चालू आहे ना ते बघायचं. असा टँक लागायला वेळ जातो, आणि तो बिघडवायला एक मासा पुरतो.

मला रॉयल ग्रामा हवा होता. पुढचं अर्धं अंग जांभळं, मागचं पिवळं. हा कॅरिबियन समुद्रातला मासा, त्यामुळे आपल्याकडे महाग पडतो आणि क्वचित मिळतो. ओळखीतून मुंबईच्या एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. फोनवर माणूस गोड बोलायचा. ‘सर, तीन महिने माझ्याच टँकमध्ये आहे, एकदम शांत, तुमच्या सेट टँकमध्ये बिनधास्त सोडा.’ व्हिडिओ आला, पण निळ्या लाइटखाली काढलेला. मी ५,२०० रुपये यूपीआयने पाठवले. दुसऱ्या रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यात मासा आला, सकाळी स्टँडवरून घेऊन आलो.

खरी फसवणूक कुठे झाली ते इथे नीट वाचा. फोनवर तो प्रत्येक वेळी ‘रॉयल ग्रामा’ म्हणाला. लेखी मात्र त्याने एकदाही ‘ग्रामा’ लिहिलं नाही. मेसेजमध्ये फक्त ‘रॉयल, फुल कलर, ॲक्टिव्ह’. जांभळा-पिवळा रॉयल डॉटीबॅक नावाचा वेगळा मासा आहे, इंडोनेशियाच्या बाजूचा, किमतीत कितीतरी स्वस्त. त्यालाही बाजारात ‘रॉयल’च म्हणतात. हे त्याला पक्कं माहीत होतं.

सेट टँकमध्ये नवा मासा सोडताना काळजी घ्यावी लागते ती बहुतेक वेळा नव्या माशाची. जुन्यांनी कपारी वाटून घेतलेल्या असतात, नव्याला ते हुसकावतात. ग्रामा बुजरा समजून मी त्याला तीन दिवस भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवला, क्लाउनफिशने त्रास देऊ नये म्हणून. डब्यातून तो फायरफिशच्या दिशेने सतत धडका मारत होता. मला वाटलं भूक आहे, म्हणून खाणं वाढवलं. चौथ्या दिवशी लाइट बंद करून सोडला. तो थेट फायरफिशच्या बिळात शिरला.

फायरफिश घाबरला की उडी मारतो, हे माहीत असल्यामुळे टँकवर जाळी आहे. पण पाण्याचा पाइप आत येतो तिथे दोन बोटं मावतील एवढी फट होती. साडेतीन वर्षांत त्या फटीतून कोणी गेलं नव्हतं. मासा सोडल्यावर तिसऱ्या सकाळी आई परसात फुलं काढायला निघाली, तेव्हा तिला टँकमागे फरशीवर फायरफिश वाळलेला दिसला. दुसरा दगडामागे अंग चोरून होता, शेपटी फाटलेली. त्याच आठवड्यात क्लीनर श्रिंपने कात टाकली. कात टाकल्यावर त्याचं अंग दिवसभर मऊ असतं. सकाळी कात होती, श्रिंप नव्हता. माझ्या हातावर येऊन नखांभोवतीची कातडी साफ करायचा तो. अजून हात पाण्यात घातला की आठवतं.

तेव्हा कुठे मी पांढऱ्या लाइटमध्ये नीट बघितलं. ग्रामाच्या अंगावर जांभळा रंग पिवळ्यात ठिपक्याठिपक्यांनी मिसळत जातो, पाठीच्या परावर पुढे काळा ठिपका असतो आणि डोळ्यातून काळपट रेघ जाते. माझ्याकडच्या माशाचे दोन रंग सुरीने कापल्यासारखे सरळ रेषेत वेगळे. पर पारदर्शक, ठिपका नाही. डॉटीबॅक.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘तुमच्या टँकमध्येच दोष असेल.’ मग म्हणाला, ‘मासा जिवंत पोचला ना? मग विषय संपला. मी रॉयल लिहिलं, रॉयल दिला.’ नंतर ब्लॉक केलं. बिल त्याने दिलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण हातात पुरावा म्हणून फक्त यूपीआयची नोंद आणि तो एक शब्द, ‘रॉयल’.

मला पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त लागली आहे. त्याने खरं नाव सांगितलं असतं तर मी तो मासा या टँकमध्ये घेतलाच नसता. डॉटीबॅक ठेवणारे लोक आहेत. ते त्याला सगळ्यात शेवटी सोडतात, दगडांची मांडणी बदलून सगळ्यांच्या हद्दी मोडतात, छोटे श्रिंप ठेवत नाहीत. चुकीच्या नावामुळे मी सगळी काळजी उलट्या बाजूने घेतली. मारणाऱ्याला जपलं.

दगड न हलवता असा मासा जाळीने सापडत नाही, आणि दगड हलवले की प्रवाळ दुखावतात. शेवटी पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवलं आणि आत खाणं ठेवलं. पावसाच्या सुरुवातीला ओढ्यात चढणीचे मासे धरायला बांबूचे सापळे लावतात, तीच युक्ती. दोन दिवसांनी सापडला. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘भाट्याच्या समुद्रात सोडून दे रे.’ परक्या समुद्रातला मासा आपल्या समुद्रात सोडायचा नाही, हे त्यांना समजावलं. तो आता वेगळ्या छोट्या टँकमध्ये एकटा आहे आणि नीट खातोय. त्याचा काही दोष नाही.

मालवणच्या मित्राला तो व्हिडिओ दाखवला. बघितल्याबरोबर म्हणाला, ‘अरे, माका पण ह्योच व्हिडिओ इल्लो!’ त्याला दोन महिन्यांपूर्वी आला होता. म्हणजे तो एकच जुना व्हिडिओ सगळ्यांना पाठवत होता, त्यातला मासा विकायचा कधीच नव्हता.

तेव्हा मासा मागवताना शास्त्रीय नाव लिहून घ्या. ग्रामासाठी ‘ग्रामा लोरेटो’. व्हिडिओ पांढऱ्या लाइटमध्ये, त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद काचेला लावून मागा, आणि बिल घ्या. तुमच्याकडे निळ्या लाइटमधला व्हिडिओ आला असेल, माशामागच्या दगडावर नारिंगी स्पंज असेल आणि डाव्या कोपऱ्यात अर्धवट निसटलेला थर्मामीटर लोंबत असेल, तर पैसे पाठवू नका.