गायीच्या गळ्यातला पट्टा: माजासाठी घेतला, रवंथासाठी ठेवला

गाय माजावर आली, म्हणजे भरवायला (रेतनाला) तयार झाली, की मोबाईलवर मेसेज येतो, एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही गायींना सेन्सरचे पट्टे घातले. आज कोणी विचारलं तर सांगेन, माजाचं काम पट्टा बरं करतो, पण पैसे वसूल होतात ते रवंथाच्या आलेखावर. विकायला येणारी पोरं मात्र त्या आलेखाबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि पुढे सरकतात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि बाजारात मिळणारे बहुतेक पट्टे आतून थोड्याफार फरकाने सारखेच असतात. फरक पडतो तो सर्व्हिसचा आणि रिचार्जचा.

आमचा गोठा संगमनेर तालुक्यात. वीसेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी, दोन जर्सी आणि सासूबाईंच्या हट्टाची एक मुऱ्हा म्हैस. गोठा मुक्तसंचार आहे, म्हणजे गायी न बांधता कंपाउंडमध्ये मोकळ्या असतात, आणि ही गोष्ट महत्त्वाची. गाय दावणीला बांधलेली असेल तर ती माजावर आली तरी फिरणार कुठे आणि दुसरीवर उडी मारणार कशी? पट्टा मोजतो हालचाल. बांधलेल्या गायीची हालचाल वाढते ती जागच्या जागी पाय बदलण्यापुरती. त्यामुळे दावणीचा गोठा असेल आणि फक्त माजासाठी पट्टा घ्यायचा असेल, तर पैसे आधी कंपाउंडला घाला.

पट्ट्याला काडेपेटीहून थोडी मोठी प्लास्टिकची डबी असते आणि खाली एक वजन लोंबतं. त्या वजनामुळे डबी मानेवर डाव्या बाजूला वरच राहते, घसरून गळ्याखाली येत नाही. डबीत हालचाल तिन्ही दिशांनी मोजणारी चिप आहे. गाय रवंथ करते तेव्हा साधारण सेकंदाला एकदा चावते, एक घास पन्नास-साठ वेळा चघळते, गिळते, क्षणभर थांबते आणि पुढचा घास वर आणते. ही लय इतकी ठरलेली असते की खाणं, मान झटकून माशा हाकलणं, पाणी पिणं यांतून ती वेगळी ओळखता येते. धडधाकट गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. पट्टा पहिला आठवडाभर नुसतं बघतो, त्या गायीची स्वतःची सरासरी काढतो आणि मग त्या सरासरीवरून ती घसरली की कळवतो. शेजारणीशी तुलना करत नाही, हे मला आवडलं. आमची चंद्री मुळातच संथ आहे. सगळ्यांना एकच आकडा लावला असता तर ती रोजच आजारी दिसली असती.

डब्या गोठ्यातल्या गेटवेशी, म्हणजे सगळ्यांची माहिती गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राशी, रेडिओने बोलतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या या रेडिओलहरी आपल्याकडे विनापरवाना वापरायला मोकळ्या आहेत, म्हणून प्रत्येक गायीला वेगळं सिम लागत नाही. सिम लागतं ते फक्त गेटवेला. आमच्याकडे गेटवे पत्र्याखाली लावला होता तेव्हा मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या चाऱ्याच्या) बंकरकडे गेलेल्या गायी मधेच गायब व्हायच्या. मुलाने तो पाइपवर उंच बांधला, तेव्हा थांबलं. लाईट गेली तरी डबी माहिती साठवून ठेवते आणि लाईट आल्यावर पाठवते. पण मेसेज तोवर अडकलेला असतो, आणि आमच्याकडे लाईट जाते ती नेमकी रात्री. म्हणून गेटवेला छोटा इन्व्हर्टर हवाच. त्याचा खर्च कंपनीच्या कोटेशनमध्ये नसतो.

आता माज. गाय सरासरी २१ दिवसांनी माजावर येते, १८ ते २४ दिवस धरा. एचएफमध्ये माज आखूड, आणि उड्या मारणं वगैरे बरंचसं रात्री-पहाटे चालतं. आपण पाच वाजता धारेला जातो तेव्हा गाय शांत उभी, फक्त शेपटीला सोट (माजाचा चिकट स्राव) लागलेला. माज सुरू कधी झाला हे कोणाला ठाऊक? सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा आणि संध्याकाळी दिसला तर सकाळी, हा जुना नियम बरोबरच आहे, पण तो धरायचा कुठून? आलेखात हालचालीची रेघ कितीला वर चढली ते दिसतं. तिथून दहा-बारा तास मोजून मी कृत्रिम रेतन करणाऱ्या दादांना फोन करते. पूर्वी ते यायचे तेव्हा कधी लवकर व्हायचं, कधी उशीर. आता गायी उलटण्याचं, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याचं, प्रमाण कमी झालंय, आणि लिंग ठरवलेल्या वीर्याच्या महाग कांड्या वापरायची हिंमत आम्ही त्यामुळेच केली.

हिशेब सोपा आहे. एक माज हुकला की गाय २१ दिवस फुकट सांभाळायची. वैरण, पेंड, औषधपाणी मिळून आमच्याकडे एका गायीला दिवसाला अडीचशेच्या आसपास जातात. म्हणजे एका हुकलेल्या माजाचे पाच हजारांवर. एका पट्ट्याची किंमत साधारण तेवढीच होती. गेटवे वेगळा, आणि वर्षाला प्रत्येक गायीमागे रिचार्ज वेगळा.

सासूबाईंचं मात्र यावर वेगळं मत आहे. त्या म्हणतात, "मला कळत नाही का गाय कधी हंबरते ते?" कळतं, खरंच कळतं. त्यांच्या तरुणपणी दारात येऊन कृत्रिम रेतन करून देणारे लोक आले ते मणिभाई देसाईंनी उरळी कांचनला १९६७ मध्ये सुरू केलेल्या बायफ या संस्थेच्या कामातून, आणि त्या काळी चार गायींवर नजर ठेवायला घरात माणसंही चार होती. आता वीस गायींना आम्ही दोघी आणि हे. रात्री दोनला उठून गोठ्यात कोण जाणार? पण म्हशीच्या बाबतीत सासूबाईच जिंकल्या. म्हशीचा माज मुका. ती ना फार फिरते, ना उड्या मारते. पट्ट्याने तिचे माज सरळ सोडून दिले आणि सासूबाईंनी सोट आणि चेहरा बघून पकडले. कंपनीने माहितीपत्रकावर म्हशीचा फोटो छापलाय. तो त्यांनी काढून टाकावा.

रवंथाकडे येते. आमची बुलेट नावाची गाय आहे, दोन्ही वेळचं मिळून सत्तावीस-अठ्ठावीस लिटरची. व्यायल्याला दोन आठवडे होत आले होते. पहाटे मेसेज आला, रवंथ सरासरीच्या खाली. आलेख उघडला तर आदल्या दुपारपासून रेघ पायऱ्या उतरल्यासारखी खाली आलेली. गोठ्यात गेले तर बाई गव्हाणीत तोंड घालून उभी. दूध जवळपास तेवढंच, ताप नाही, शेण थोडं घट्ट. नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर मी पुढच्या गायीकडे गेले असते. मग नीट पाहिलं. ती मुरघास आणि कडबाकुट्टी निवडून खात होती, गोळी पेंड तशीच बाजूला सारलेली. डॉक्टरांना फोटो पाठवला, ते आले, लघवीत पट्टी बुडवली, पट्टी जांभळी झाली. किटोसिस, म्हणजे व्यायल्यावर अंगातली ताकद कमी पडून होणारा आजार. शिरेतून ग्लुकोज दिलं, पाजायचं औषध दिलं, आणि ती चारा सोडून बसण्याआधीच सावरली. डॉक्टरांनी जाताना मुलाला तो आलेख स्वतःच्या मोबाईलवर पाठवायला सांगितला. आता ते फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतात, "रवंथ किती दाखवतोय?"

व्यायच्या आधीही ही रेघ उपयोगी पडते. विण्याच्या दिवशी रवंथ एकदम पडतो. त्या रात्री जागायचं की झोपायचं हे ठरवता येतं. ताजी व्यालेली गाय तीन-चार दिवसांत पुन्हा आपल्या रवंथावर आली नाही तर काहीतरी आत शिजतंय असं समजायचं: जार (वार) नीट पडला नसेल, कॅल्शियम कमी असेल, पोट बिघडलं असेल. नेमकं काय, ते पट्टा सांगत नाही. ते शोधायचं काम डॉक्टरांचं आणि आपल्या हाताचं.

हाताचं म्हणते कारण दगडीच्या, म्हणजे कासेच्या आजाराच्या बाबतीत पट्टा चक्क गप्प बसला. सोनीच्या मागच्या एका सडातून धारेच्या आधी वाटीत गुठळ्या आल्या, कास गरम लागली. ते मला सकाळी साडेपाचला हाताने कळलं. मोबाईलवर पहिला मेसेज आला दुपारी, ताप चढून तिने रवंथ कमी केल्यावर. कासेत काय चाललंय ते मानेवरच्या डबीला कसं दिसणार? ज्यांना वाटतं की पट्टा घातला म्हणजे धारेआधीची वाटी बंद केली तरी चालेल, त्यांनी घेऊच नये.

खोटे मेसेजही येतात. लाळ्या-खुरकुताची लस टोचली त्या दिवशी ॲपमध्ये अख्खा गोठा लाल झाला. लसीने एखादा दिवस गायी सुस्तावतात, ते खरंच आहे, त्याला चूक तरी कशी म्हणू? नवीन गाय आणून सोडली की मारामाऱ्या होतात, तेव्हा चार-पाच जणींना एकदम माज दाखवतो. मे महिन्यात तर सगळ्यांचाच रवंथ कमी होतो, कारण उन्हात धापा टाकणारी गाय बसून चघळत नाही. याचा मात्र फायदा झाला. फॉगर दुपारी बारापासून लावत होतो, आलेखात घसरण दहालाच सुरू झालेली दिसली. आता दहाला लावतो.

एका रात्री सगळ्यांचीच हालचाल एका वेळी उसळली, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग शांत. सकाळी कंपाउंडबाहेरच्या मक्यात बिबट्याचे ठसे. कंपनीने बिबट्याचा इशारा म्हणून काही विकलेलं नाही आणि मीही तसं सांगत नाही. पण जुन्नर, संगमनेर, अकोले पट्ट्यात ज्यांची वासरं उघड्यावर असतात, त्यांना हे वाचून बरं वाटेल.

गाय कुठे आहे हे दाखवतो का, असं बरेच जण विचारतात. आमचा पट्टा दाखवत नाही, आणि गोठ्यात त्याची गरजही नाही. माझ्या बहिणीकडे अकोले तालुक्यात डोंगरकडेला डांगी गायी आहेत, त्यांनी दुसऱ्या प्रकारचा, जीपीएस आणि सिम असलेला पट्टा एका गायीला घालून बघितला. गाय कुठे आहे हे उपग्रहावरून डबीला कळतं, पण ते आपल्याला कळवायला मोबाईलचा टॉवर लागतो, आणि घळीत उतरलं की टॉवर नाही. मग ॲप शेवटची जागा दाखवत बसतं, म्हणजे जिथून गाय निघून गेली ती जागा. शिवाय जीपीएस सतत चालू ठेवला की बॅटरी भराभर संपते. माझ्या पट्ट्यांची बॅटरी काही वर्षं टिकेल असं कंपनी सांगते, तिची डबी दर चार-पाच दिवसांनी चार्ज करायला उतरवावी लागायची. रानात चरणाऱ्या डांगीला धरून पट्टा उतरवून बघा एकदा. आता तिच्याकडे पुन्हा घंटा आहे.

आणखी एक गैरसमज. कानातला पिवळा टॅग म्हणजे हा नव्हे. त्यावर १२ आकडी नंबर असतो, ती गायीची ओळख झाली, त्यातून काही प्रक्षेपित होत नाही. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं तेव्हा टॅगची नोंद लागली आणि गावात टॅग मारायची धावपळ झाली, ते आठवत असेल. पट्टा लावताना ॲपमध्ये तोच १२ आकडी नंबर टाकून ठेवा. पट्ट्याचा नंबर आणि गायीचं नाव एवढ्यावर भागवलं तर गाय विकल्यावर गोंधळ होतो.

आता तक्रारी. पावसाळ्याच्या तोंडाला विजा चमकल्या आणि गेटवे जळाला. वॉरंटीत विजेचं नुकसान बसत नाही म्हणाले, ठीक. पण नवा पैसे देऊन मागवला तरी तो यायला इतके दिवस लागले की मधे दोन गायींचे माज गेले. सर्व्हिसचा माणूस पुण्याहून येतो आणि आमच्या बाजूला चार गिऱ्हाईकं जमली की मगच निघतो. घेण्याआधी विचारा: तालुक्यात तुमचे आणखी किती गोठे आहेत? उत्तर द्यायला अडखळले तर समजून जा.

दुसरी तक्रार रिचार्जची, आणि ती मला जास्त टोचते. वर्ष संपलं आणि रिचार्ज केला नाही की मेसेज तर थांबतातच, मागचे आलेखही उघडत नाहीत. गाय माझी, वैरण माझी, पट्टा विकत घेतलेला, आणि बुलेटने मागच्या वेताला कधी रवंथ सोडला ते बघायला पुन्हा पैसे? करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं, असं ते म्हणाले. मुलगा आता दर महिन्याला आलेखांचे स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पाच-सहा गायी असतील तर हा खर्च करू नका, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं शांत उभं राहून बघा. पंधराच्या पुढे, मुक्तसंचार, एचएफ, आणि डॉक्टर आलेख बघायला तयार असतील, तर घ्या. मी पाचपैकी साडेतीन देते. सर्व्हिस नीट असती तर साडेचार दिले असते.

यंदाचा रिचार्ज जवळ आलाय. सगळ्या गायींना करणार नाही. गाभण तपासून पक्क्या झालेल्या आणि आटवायला (दूध बंद करायला) अजून वेळ असलेल्या गायींचे पट्टे काढून, नुकत्या व्यालेल्या आणि भरवायला आलेल्यांना घालायचे असं ठरवलंय. पट्टा बदलला की नवी गाय शिकायला त्याला पुन्हा आठवडा लागतो, तेवढं सोसू. कंपनीचा माणूस म्हणतो, असं करता येत नाही, रिचार्ज गायीच्या नावावर असतो. मी त्याला ते लेखी द्यायला सांगितलंय.